बालाक्लावाचा सूड आणि सिद्धान्ताची सोय

इतिहास हेही एक कथनच असते, हे प्रतिपादन हेडन व्हाइट यांच्या ‘मेटाहिस्टरी’ (१९७३) या ग्रंथानंतर आपल्या समीक्षेतही रुळले. त्यात तथ्य आहे. परंतु त्यावरून ऐतिहासिक कलाकृतीची घटितांशी पडताळणी करणे हा समीक्षेचा भाबडेपणा होय, असा जो निष्कर्ष काढला जातो तो मान्य करता येत नाही. मायकेल कर्टिझ यांचा ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९३६) हा हॉलिवुडपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

या चित्रपटात सूरतखान हा हिंदुस्थानातील कल्पित सत्ताधीश चुकोटी येथे शरण आलेल्या इंग्रजांची बायकामुलांसह कत्तल करवतो आणि पुढे रशियनांच्या आश्रयास जातो. सूड घेण्यासाठी नायक वरिष्ठांचा हुकूम परस्पर बदलतो व रिसाला रशियन तोफांवर चालून जातो.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लावा येथे असा कोणताही सूड घेतला गेला नाही. तुर्कांकडून काबीज केलेल्या तोफा रशियनांना हलवू देऊ नयेत, एवढाच लॉर्ड रॅग्लन यांचा हेतू होता. ते उंचावर होते. खाली असलेल्या लॉर्ड लुकन यांना त्या तोफा दिसत नव्हत्या. हुकूम मोघम होता आणि तो आणणारे कॅप्टन नोलन यांच्या हातवाऱ्यांनी संभ्रम वाढला. लुकन आणि कार्डिगन हे मेहुणे. पण त्यांच्यातून विस्तव जात नसे. सुमारे पावणेसातशे स्वार दरीत घुसले, शंभरावर ठार झाले. पैसे मोजून अधिकारपदे मिळवण्याची पद्धत त्या सैन्यात १८७१ पर्यंत होती आणि कार्डिगन हे तिचेच अपत्य. उमरावशाहीच्या या नाकर्तेपणाला चित्रपट हेतुपूर्वक केलेल्या शौर्याचे रूप देतो.

याहून गंभीर फेरफार कालक्रमाचा आहे. चुकोटीत उघडच कानपूर दिसते: २७ जून १८५७ चा सतीचौरा घाट आणि १५ जुलैचे बिबीघर. ही घटना तीन वर्षे मागे ओढल्याने तिची पार्श्वभूमी गळून पडते. त्याच जूनमध्ये नील यांच्या फौजेने अलाहाबादेत चालवलेले फाशीसत्र मग आठवावे लागत नाही. हिंदी क्रौर्य आधी, इंग्रज शौर्य नंतर, असा कार्यकारणभाव आयताच सिद्ध होतो.

क्रिमिया आणि कानपूर यांचा खरा संबंध उलट दिशेने जातो. नानासाहेब पेशव्यांच्या तनख्याची दाद लंडनमध्ये न लागल्यावर परतणारे अजीमुल्ला खान १८५५ मध्ये क्रिमियाला गेले. सेवास्तोपोलपुढे खोळंबलेले इंग्रज सैन्य त्यांनी स्वतः पाहिले. ‘टाइम्स’चे बातमीदार रसेल यांना ते तेथे भेटले होते. हा पाहणारा, तोलणारा हिंदी माणूस चित्रपटात असूच शकत नाही. त्याची जागा सूरतखानाने घेतली आहे.

कथा कल्पित असल्याचे चित्रपटानेच सांगितले आहे, असा बचाव केला जाईल. पण प्रश्न कल्पिताच्या अधिकाराचा नाही. कल्पित कोणाच्या सोयीचे, हा आहे. घटितांकडे पाठ फिरवणाऱ्या समीक्षेला तो विचारताच येत नाही. व्हाइट यांच्या मांडणीतही कथानकाच्या आधी कालक्रमाची नोंद येते. आपले सिद्धान्तप्रेमी ती पायरी गाळतात आणि कर्टिझ यांचेच काम पुढे चालवतात. वासाहतिक संहितांचे वाचन विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल, तर १८५७ हे १८५४ नंतर येते, एवढे आधी मान्य करावे लागेल.