ओळखीची चिठ्ठी आणि बंद दार

१८६१ च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या ऑपेरात रिचर्ड वॅग्नर या जर्मन संगीतकाराच्या 'टॅनहॉयझर'चे प्रयोग लागले आणि तीनच प्रयोगांत बंद पडले. कारण मोठे मजेदार आहे. तिथल्या प्रथेप्रमाणे नृत्य दुसऱ्या अंकात हवे. 'जॉकी क्लब'चे शौकीन सभासद क्लबात सावकाश जेवण उरकून मगच नाट्यगृहात येत, आणि त्यांना संगीतापेक्षा नर्तकींत रस अधिक. वॅग्नरने नृत्य पहिल्याच अंकात घातले. मंडळी येऊन बसली तोवर नाच आटोपलेला! मग त्यांनी शिट्ट्या फुंकून असा काही धुडगूस घातला की वॅग्नरने आपली कृती परत घेतली. या प्रकारात त्या काळच्या राजकारणाचेही धागे होते. पण मूठभर क्लबवाल्यांच्या जेवणाच्या वेळेपुढे एका महान कलावंताला हात टेकावे लागले, हे खरेच.

युरोपातल्या खाजगी क्लबांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर असेच काहीतरी येते. चामड्याच्या खोल खुर्च्या, भिंतीवरची तैलचित्रे, हलक्या पावलांनी वावरणारे नोकर आणि वर्तमानपत्रामागे डुलकी घेणारे म्हातारे उमराव. हे चित्र अगदीच खोटे नाही, पण अपुरे आहे. या क्लबांत आज पंचविशी-तिशीतली मुले-मुलीही आहेत. पस्तिशीच्या आतल्यांना वर्गणीत सवलत देण्याची पद्धत बऱ्याच क्लबांत आहे. आणि या तरुण सभासदांसाठी अधूनमधून एक खास शनिवार-रविवार योजला जातो. एखाद्या शहरातले क्लब यजमान होतात, बाकीच्या शहरांतली मंडळी पाहुणी येतात. शुक्रवारी संध्याकाळी ओळखीपाळखी, शनिवारी शहर किंवा एखादे संग्रहालय पाहणे, रात्री काळा कोट आणि बो टाय लावून रीतसर जेवण, मग नाच, आणि रविवारी उशिरापर्यंत रेंगाळलेली न्याहारी. एवढाच कार्यक्रम. वरवर पाहता श्रीमंतांच्या पोरांची मौज.

परंतु मला यात मौजेपेक्षा वेगळे काही दिसते. त्यासाठी हे क्लब चालतात कसे, ते आधी पाहायला हवे.

लंडनचा 'व्हाइट्स' १६९३ साली चॉकलेट पिण्याचे दुकान म्हणून सुरू झाला. 'ब्रूक्स' १७६४ चा, 'अथेनियम' १८२४ चा, 'रिफॉर्म' १८३६ चा. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज ज्यूल व्हर्नचा फिलिआस फॉग मारतो, ती याच 'रिफॉर्म'मध्ये. हेगमधला 'दे वित्ते' १७८२ चा, लिस्बनचा 'ग्रेमिओ लितेरारिओ' १८४६ चा. देश निरनिराळे, पण रीत बहुतेक सारखी. सभासद व्हायचे तर नुसता पैसा पुरत नाही. एका सभासदाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, नाव वहीत चढायचे, आणि ओळखणाऱ्यांनी त्याखाली सह्या करायच्या. जुन्या काळी पेटीत गोट्या टाकून मतदान होई. पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. काही ठिकाणी मोजक्या काळ्या गोट्याही माणसाला बाहेर ठेवायला पुरत, आणि कारण सांगण्याचे बंधन कोणावरच नसे.

या क्लबांनी आपसांत आणखी एक सोय केली आहे. एका क्लबाचा सभासद परगावी गेला की आपल्या क्लबाच्या चिटणिसाचे परिचयपत्र दाखवून तिथल्या संलग्न क्लबात उतरू शकतो, जेवू शकतो. मुंबईतल्या काही जुन्या क्लबांचेही परदेशी क्लबांशी असे संबंध आहेत. तरुणांचे ते शनिवार-रविवार याच व्यवस्थेच्या आधाराने उभे राहतात. ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, त्याची हमी दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते.

लंडनमधल्या अशाच एका क्लबात एका स्नेह्यांनी मला एकदा जेवायला नेले होते. दारावरच्या माणसाने माझ्या उघड्या गळ्याकडे पाहून कपाटातला टाय अदबीने पुढे केला. त्याचे मला हसू आले. पण जेवण झाल्यावर मी खिशात हात घालताच स्नेही म्हणाले, "इथे पाहुण्याचे पैसे चालत नाहीत. तुम्ही काय खाल्ले, काय बोललात, कसे वागलात, सगळे माझ्या खात्यावर!" वाक्य विनोदाने उच्चारलेले होते, परंतु क्लब नावाच्या संस्थेचे सारे मर्म त्यात आले. पाहुणा चुकला तर जाब यजमानाला. आपल्याकडे याला सरळ 'जामीन राहणे' म्हणतात.

आता विचार करा. बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी ब्रुसेल्सला, माद्रिदला किंवा हँबुर्गला जाते. भाषा अर्धवट येते, सहकारी पाच वाजता घरी जातात, शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीपुरते ठाऊक. तिथे पहिला माणूस ओळखीचा व्हायचा कसा? हा प्रश्न काल्पनिक नाही. ब्रिटनच्या सरकारने २०१८ च्या जानेवारीत एकटेपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्याकडे स्वतंत्र जबाबदारी सोपवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये माणसामाणसांतल्या संबंधांवर एक आयोगच नेमला. एकाकीपण हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार नाही, हे आता सारेच मान्य करतात. अशा वेळी कोणीतरी म्हणते, 'ये, हा आमचा माणूस आहे, याच्याशी बोल.' त्या एका वाक्याची किंमत पैशात होत नाही.

युरोपला ही किंमत फार महागात पडून कळली. दोन महायुद्धांनंतर फ्रान्स आणि जर्मनी यांनी १९६३ साली मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांतल्या तरुणांच्या देवघेवीसाठी एक खास कार्यालय उघडले. ज्यांच्या बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांच्या मुलांनी निदान एकमेकांच्या घरी जेवावे, इतका साधा आणि इतका शहाणा विचार. १९७२ साली तरुणांसाठी एकाच तिकिटावर देशोदेशी हिंडता येईल असा 'इंटररेल'चा पास निघाला. १९८७ साली 'इरॅस्मस' योजना आली आणि परक्या विद्यापीठात काही महिने शिकणे सामान्य घरच्या मुलांच्याही आवाक्यात आले. खाजगी क्लब आपल्या मोजक्या मुलांसाठी जे करीत होते, तेच सरकारांनी सर्वांसाठी केले. चिठ्ठी देणारा चिटणीस बदलला, एवढेच.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट खटकते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि २०२० च्या डिसेंबरात त्याने 'इरॅस्मस'ही सोडत असल्याचे जाहीर केले. परत येण्याच्या दिशेने पावले पडायला २०२५ साल उजाडावे लागले. मधल्या काळात लंडनच्या क्लबातल्या मुलाला पॅरिसच्या क्लबाचे दार पूर्वीसारखेच उघडे होते. चिटणिसाची चिठ्ठी पुरत होती. बंद झाले होते ते दार शिक्षकाच्या, बस-चालकाच्या मुलाचे. सार्वजनिक दार मिटले की खाजगी दाराची किंमत आपोआप वाढते. मला या शनिवार-रविवारांची असूया नाही, पण चिंता वाटते ती इथे.

शिवाय कोण कोणाला भेटते, यावर पुढे बरेच ठरत असते. नोकरी, भागीदारी, लग्न. ब्रिटनच्या राजदरबारात उपवर मुलींना राणीपुढे सादर करण्याचा समारंभ होत असे. तो १९५८ साली बंद झाला. फ्रान्समध्ये मात्र 'रॅली' नावाचा प्रकार टिकून आहे. नावावरून मोटारी आठवतील, पण हा मोटारींचा नव्हे, मुलांचा. वरच्या वर्गातल्या आया मिळून मुलांची एक यादी करतात, आणि वयात येईपर्यंत ती मुले आधी सहली, मग नाचाचे वर्ग, मग मेजवान्या अशी एकमेकांच्या सहवासात वाढवली जातात. मिशेल पँसों आणि मोनिक पँसों-शार्लो या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने फ्रान्सच्या श्रीमंत वस्त्यांचा, क्लबांचा आणि या 'रॅलीं'चा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांच्या लिखाणाचा मथितार्थ असा, की पैसा वारशाने देता येतो, पण ओळखी नुसत्या वारशाने येत नाहीत. त्या मुद्दाम रुजवाव्या, जोपासाव्या लागतात, आणि वरचा वर्ग ते काम अतिशय निगुतीने करतो. वाचकहो, जातवार वधूवर मेळाव्यांच्या जाहिराती आपण रविवारी वाचतोच. तेव्हा फ्रेंच आयांना हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आत येण्याची ही गाळणी किती काळ कोणाला बाहेर ठेवते, याचे उदाहरण म्हणजे स्त्रिया. 'रिफॉर्म'ने त्यांना १९८१ साली सभासदत्व दिले, 'अथेनियम'ने २००२ मध्ये. नटांचा आणि लेखकांचा म्हणून मिरवणाऱ्या १८३१ च्या 'गॅरिक'ला तर २०२४ चा मे महिना उजाडावा लागला. 'व्हाइट्स' अजूनही पुरुषांपुरताच आहे. तरुणांच्या मेळाव्यांत मुली सहजपणे वावरताना दिसल्या की क्लब बदलले असे वाटते. बदलले आहेतच, पण ते दार आतून कोणाच्या औदार्याने उघडलेले नाही. बाहेरून बराच काळ ठोठवावे लागले.

आपल्या मुंबईला हे ठोठावणे चांगले परिचयाचे आहे. १८७५ चा 'बॉम्बे जिमखाना' गोऱ्यांचा होता. तिथे एतद्देशीयांना सभासद होता येत नसे. पुढे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ साली गोऱ्यांना आणि हिंदी लोकांना सारखाच प्रवेश देणारा 'विलिंग्डन क्लब' निघाला. त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण तिथेही आत गेले ते संस्थानिक आणि धनिकच. वर्णाची अट गेली, ऐपतीची राहिली.

मात्र याच मुंबईत, धोबीतलावच्या आसपास, दुसऱ्या तऱ्हेचे क्लबही उभे राहिले, आणि त्यांची आठवण युरोपच्या क्लबांविषयी लिहिताना मला आवर्जून होते. ते म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे 'कूड'. त्यांनाही 'क्लब'च म्हणतात. एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर नोकरी शोधायला आलेला तरुण आपल्या गावच्या कुडात उतरायचा. भाडे नाममात्र, सामान म्हणजे भिंतीकडेची पत्र्याची पेटी, झोपायला जमीन, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना. इथेही नियम होते, वर्गणी होती आणि बाहेरच्याला मज्जाव होता. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या मंडळींच्या गावकीच्या खोल्या होत्या, त्यांचीही तऱ्हा हीच. गावाकडची चिठ्ठी घेऊन मुलगा यायचा आणि कोणीतरी त्याला गिरणीत चिकटवून द्यायचा.

लंडनचा आलिशान क्लब आणि धोबीतलावचा कूड यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण दोघांचा पाया एकच: अनोळखी माणसासाठी कोणीतरी जामीन राहणे. फरक आहे तो जामीन कशासाठी, यात. कुडाने जामीन घेतला तो माणसाला उभे करण्यासाठी. उमरावांच्या क्लबाने घेतला तो उभ्या असलेल्यांना एकत्र ठेवण्यासाठी. आणि हेही खरे की कूडसुद्धा आपल्या गावापलीकडे पाहत नव्हता. माया होती, पण मापलेली.

म्हणून युरोपातल्या त्या तरुण मंडळींना नावे ठेवण्यात मला स्वारस्य नाही. परक्या शहरात दोन दिवस जायचे, अनोळखी माणसाशेजारी बसून जेवायचे, त्याच्या भाषेतले चार शब्द शिकायचे, हे चांगलेच आहे. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की चांगली गोष्ट फक्त श्रीमंतांकडे असली म्हणून ती वाईट ठरत नाही. ती अपुरी ठरते. आणि अपुरी गोष्ट पुरी करणे हे बाहेरच्यांचे काम आहे. तक्रार करून ते होत नाही.

आज आपल्या घराघरांतली मुले पुण्याला, बंगळूरला, म्युनिकला, ॲमस्टरडॅमला जात आहेत. गिरण्या गेल्या, गावकीच्या खोल्या विरल्या, आणि ओळखीची चिठ्ठी लिहिणारे मास्तरही राहिले नाहीत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. त्यासारखी मंडळे ठिकठिकाणी आहेत. पण गणपती आणि दिवाळीच्या फराळापलीकडे, नुकत्याच उतरलेल्या एकट्या मुलीला पहिल्या शनिवारी जेवायला बोलावणारे घर त्यांतून मिळते का? तिची जात, तिचे गाव, तिचा पगार न विचारता मिळते का? मंडळांनीच कशाला, आपल्या सोसायटीत भाड्याने राहायला आलेल्या परप्रांतीय मुलाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपण त्याच्याकडून अनामत रक्कम आणि पोलिसांचा दाखला घेतो. जामीन मागतो, जामीन राहत नाही.

चामड्याच्या खुर्च्या आणि बो टाय युरोपवाल्यांना लखलाभ. घ्यायची असेल तर त्यांच्याकडून यजमानाची जबाबदारी घ्यावी: हा माझा पाहुणा आहे, याचे बरेवाईट माझ्या खात्यावर. त्यासाठी ना वर्गणी लागते, ना काळ्या-पांढऱ्या गोट्या. एक पान जास्त वाढावे लागते.