केसच तर आहेत!

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. एरवी मी इथे शाळेतल्या आठवणी, वाचलेली पुस्तके, क्वचित एखादा पदार्थ असे काहीबाही लिहीत असते आणि तुम्हीही प्रेमाने वाचता. आज मात्र गोड बोलणार नाही. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. ते वाक्य म्हणजे, "अहो, केसच तर आहेत!"

२०१८ सालापासून हे वाक्य मी ऐकते आहे. डॉक्टरांकडून ऐकले, शेजारणींकडून ऐकले, विम्याच्या कचेरीतून ऐकले, आणि घरच्यांचे तर विचारूच नका. प्रत्येकाचा हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूने लिहिलेले चुकीचे उत्तर चुकीचेच असते. बत्तीस वर्षे वह्या तपासलेल्या बाईला एवढे तरी कळते.

आधी मला झाले आहे काय, ते सांगते. पहिल्यांदा भुवया विरळ झाल्या. मग कपाळावरची केसांची कड मागे सरकू लागली. कानापुढचे केस गेले. सोबतीला खाज, आणि संध्याकाळ झाली की कपाळाच्या वर मिरची चोळल्यासारखी आग. आजाराचे नाव लांबलचक आहे, फ्रंटल फायब्रोझिंग अ‍ॅलोपेशिया. ऑस्ट्रेलियातले त्वचारोगतज्ज्ञ स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ साली पाळी थांबलेल्या सहा स्त्रियांमध्ये त्याचे पहिल्यांदा वर्णन केले. लायकेन प्लॅनोपिलॅरिस म्हणून एक आजार आहे, त्याचाच हा एक प्रकार मानतात. तरुण बायकांना आणि पुरुषांनाही होतो, पण बहुतेक रुग्ण माझ्याच वर्गातले, म्हणजे पाळी थांबलेल्या बायका.

आता यात वेगळे काय? केस तर सगळ्यांचेच गळतात. इथेच सगळी गोम आहे.

आपल्या भाषेत केस जाण्याला शब्द पुष्कळ आहेत. केस गळतात, झडतात, विरळ होतात. डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत डाग पडला तर चाई पडली म्हणतात. पुरुषांना टक्कल पडते. पण या सगळ्यांत मूळ बहुधा जिवंत असते. पानगळ झालेल्या झाडासारखे. बाळंतपणानंतर, टायफॉइडनंतर मूठमूठ केस जातात आणि काही महिन्यांनी परत येतात ते याचमुळे. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस चार-आठ दिवसांत गेले, ते तुम्हाला आठवत असेल. मोठी बातमी झाली होती, लोकांनी त्याला 'टक्कल व्हायरस' म्हणून थट्टाही केली. तिथेही पुढे अनेकांचे केस परत उगवले.

माझ्या आजारात तसे नाही. इथे शरीराच्याच संरक्षक पेशी, लिम्फोसाइट म्हणतात त्या, केसाच्या मुळाशी शत्रू समजून लढतात. नवा केस तयार करणाऱ्या मूळपेशी ज्या भागात असतात, नेमका त्याच भागावर हल्ला. लढाई संपली की तिथे मूळ उरत नाही, वण उरतो. केस बाहेर येतो ते बारीक छिद्रसुद्धा बुजते आणि कातडी गुळगुळीत, चकचकीत होते. यासाठी मराठीत सुटसुटीत शब्द मला सापडला नाही, म्हणून मी आपली 'वणाचे टक्कल' म्हणते. त्वचेवरच्या ल्यूपसमुळेही असे टक्कल पडते, आणखीही काही आजारांत पडते. शब्द नसला की वस्तू दिसत नाही, हा भाषाशिक्षकाचा अनुभव. सगळ्यालाच 'केस गळणे' म्हटले की सगळ्यावर एकच तेल!

आणि हा फरक काही परदेशातून आलेला नाही बरे का. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात इंद्रलुप्ताचे वर्णन आहे. त्यात आधी पित्त आणि वात यांच्यामुळे केस पडतात आणि मग कफ आणि रक्त रोमकूप बंद करतात, म्हणून तिथे दुसरा केस येत नाही, असा क्रम सांगितला आहे. कारणमीमांसा त्या काळची, पण केस पडणे वेगळे आणि केसाचे दार बंद होणे वेगळे, हे निरीक्षण पाहा. आयुर्वेदाचे नाव घेऊन तेल विकणाऱ्यांनी निदान एवढे पान उघडून पाहायला हवे होते.

तेलावरून आठवले. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी माक्याचे तेल पाठवले, भाचेसुनेने कांद्याचा रस सुचवला, वन्संनी जास्वंदीची फुले पाठवली. (वन्सं, तुम्ही वाचता आहात हे ठाऊक आहे. फुले देवाला वाहिली, राग नसावा.) प्रेम पोचले. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातली गत. जळते आहे ते कातडीच्या आत, मुळाशी. तेल बसते केसावर. जिथे मूळच गेले तिथे तर फरशी घातलेल्या अंगणात खत टाकल्यासारखे. वर आधीच चिडलेल्या कातडीला कांद्याचा रस चोळला की काय होते ते सांगायला नको.

नात्यातल्या माणसांना मी माफ करते. ज्यांचा धंदा आहे त्यांना करणार नाही. आपल्याकडे १९४५ सालचे औषधविषयक नियम आहेत. त्यांच्या 'जे' अनुसूचीत काही विकारांची यादी आहे. अमुक औषधाने हे विकार बरे होतात किंवा टळतात असा दावा करायचा नाही, असा त्या यादीचा अर्थ. त्या यादीत टक्कल आहे! आणि तरी सकाळी वर्तमानपत्र उघडले की आतल्या पानावर 'आधी' आणि 'नंतर'ची दोन डोकी आपल्याकडे पाहत असतात. नियम पुस्तकात आणि डोकी पेपरात.

एका केशोपचार केंद्रात मीही जाऊन आले. भाच्याने नंबर लावला होता. गार खोली, गुळगुळीत खुर्ची, संगणकावर माझ्या डोक्याचा भलामोठा फोटो. समोरच्या मुलीने दहा मिनिटांत सहा बैठकांचे पॅकेज सांगितले, आगाऊ पैसे भरले तर सवलत. मी विचारले, "बाळ, मूळ जिवंत आहे की नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" ती म्हणाली, "आजी, आमचे रिझल्ट फार छान आहेत." मी पर्स उचलली आणि निघाले. विद्यार्थ्याला उत्तर येत नसले की तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर लिहितो, हे मी ओळखते.

ही नुसती पैशांची गोष्ट नाही. आजार पेटलेला असताना केशरोपण केले तर लावलेले केसही तोच आजार खाऊ शकतो. जाणकार डॉक्टर आधी आजार निदान वर्ष-दोन वर्षे शांत राहू देतात आणि मगच तो विषय काढतात, तोही हमी न देता.

निदान कसे झाले? सरळ त्वचारोग विभागात जाऊन. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून डोके पाहिले. केसांच्या मुळांभोवती लाली आणि बारीक खपल्या होत्या, काही ठिकाणी छिद्रेच नव्हती. मग बायोप्सी. नाव ऐकून घाबरू नका. जागा बधिर करून चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो. तुकडा कुठून काढायचा यालाही अक्कल लागते. गुळगुळीत झालेल्या मधल्या भागातून नव्हे, जिथे लढाई चालू आहे त्या कडेवरून. विझलेल्या चुलीत कोण पेटले होते ते कसे कळणार?

याआधी एका डॉक्टरांनी मान वर न करता "वयोमानाने होतं" म्हणून वाटेला लावले होते. नाव घेत नाही, कारण असे डॉक्टर एक नाहीत. वयोमानाने केस विरळ होतात हे मला मान्य. वयोमानाने भुवया जातात, आग होते, खपल्या धरतात, असे कुठल्या पुस्तकात आहे? या आजारात वेळ हीच पुंजी असते. गेलेले परत मिळत नाही, उरलेले राखता येते. 'वयोमानाने' या एका शब्दात ती पुंजी खर्च होते, आणि खर्च होते रुग्णाची, डॉक्टरांची नव्हे.

आता विरुद्ध बाजूचा खरा प्रश्न. मला तो एका हुशार पुतण्याने विचारला, "काकू, गेलेले केस येणारच नाहीत, तर एवढी औषधं कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट देते. या आजारावर रामबाण औषध नाही. काही जणींचा आजार आपोआपही थंडावतो. औषधांचे मोठे, पक्के अभ्यास थोडे आहेत. डॉक्टरही हे कबूल करतात आणि म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण औषधे देतात ती डोके भरायला नव्हे, आग विझवायला. मला क्लोबेटासॉलचे लोशन आहे, काही आठवड्यांनी कडेवर ट्रायॅमसिनोलोनची बारीक इंजेक्शने (दुखतात, खोटे कशाला बोलू) आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या. कुणाला डॉक्सिसायक्लिन देतात, कुणाला फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड. ज्याचे औषध त्याला. माझी चिठ्ठी पाहून कुणी दुकानात जाऊ नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि डोळ्यांचा पडदा तपासत राहावे लागते.

याच गोळीने एक धडा दिला. २०२० च्या मार्चमध्ये करोनावर ही गोळी चालते अशी हवा उठली. सरकारने २५ मार्चला तिची निर्यात थांबवली, पण तोवर लोकांनी घरात पाकिटे भरून ठेवली होती. मला चार दुकाने पालथी घालावी लागली. ल्यूपस आणि संधिवाताच्या रुग्णांचे तर त्या गोळीवर आयुष्य चालते. दुकानदार म्हणाला, "आजी, तुम्हाला कशाला हवी? केसांसाठीच ना?" पाहा, पुन्हा तेच वाक्य!

आणि फायदा? माझी आग थांबली. रात्री झोप लागते. कडेची रेघ बराच काळ आहे तिथेच आहे. भुवया पेन्सिलीने काढते. एवढ्यासाठी औषध घेणे हा शौक नाही. माझ्या विमा कंपनीने मात्र बायोप्सीच्या बिलावर 'सौंदर्योपचार' असा शेरा मारून ते परत पाठवले. अंगावर दुसरीकडे कुठे कातडी अशी जळून वण पडला असता तर कुणी त्याला सौंदर्य म्हटले नसते.

आता त्या वाक्याच्या मुळाशी जाते. 'केसच तर आहेत' असे म्हणणारा हा समाज कोणता? याच समाजाने नवरा गेलेल्या बाईला शिक्षा द्यायची म्हणून तिचे केस काढले. दागिने काढून भागत नव्हते, केस काढले म्हणजे ती पुरती संपली, हे त्याला नेमके ठाऊक होते. १८९० च्या सुमारास मुंबईत नाभिक मंडळींनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा चालवणाऱ्या त्या माणसांना केसांचे मोल कळले, सुशिक्षितांना कळायला पुढे किती वर्षे लागली! आजही वधूसंशोधनाच्या जाहिरातीत केस मोजतात, गजरा माळता येतो की नाही ते पाहतात. बाईकडून केसांची किंमत वसूल करायची आणि तिचे केस आजाराने गेले की 'केसच तर आहेत' म्हणायचे, हा दुटप्पीपणा झाला.

मला कीव नको आहे. सत्तरी कधीच ओलांडली, गंगावन लावायची हौस नाही, सुती रुमाल बांधून मी भाजी आणायला जाते. 'भव्य कपाळ भाग्याचं' म्हणणाऱ्यांना हसून उत्तर देते. मला काळजी आहे ती तुमच्या आया-सासवांची, ज्या "वय झालं" म्हणून गप्प बसतात.

तेव्हा एक काम करा. या रविवारी आईच्या डोक्याला तेल लावायला बसाल तेव्हा तेल बाजूला ठेवून उजेडात पाहा. भुवया कमी झाल्या आहेत का? कपाळावरची कड मागे गेली आहे का? लाली, खपल्या, चकचकीत कातडी दिसते का? खाज, आग होते का, ते विचारा, कारण विचारल्याशिवाय ती सांगणार नाही. यातले काही असेल तर केंद्रात नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि एकच प्रश्न विचारा, "मूळ जिवंत आहे का?" उत्तर टाळले तर दुसरा डॉक्टर गाठा.

असो. बरेच लांबले. मला तेलांची नावे कळवू नका. आईच्या भुवया पाहिल्यात का, तेवढे कळवा.