पैनगंगा ओलांडणाऱ्यांना कागद कोणी मागितला होता?

हदगावच्या उत्तरेची पैनगंगा आज नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची हद्द आहे. 1947-48 साली ती दोन सत्तांची सरहद्द होती. अलीकडे निजामाचे संस्थान, पलीकडे भारतातला वऱ्हाड. रझाकारांच्या जुलुमाला भिऊन आपल्या भागातली कुटुंबे नदी ओलांडून उमरखेडकडे गेली. त्यांना आज कोणी घुसखोर म्हणत नाही. म्हणूही नये. 17 सप्टेंबरला त्या लढ्याचे गोडवे गायले जातात.

पण पोलीस कारवाईनंतर जे घडले त्याचे काय? भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. मरणारे बहुतेक मुसलमान. सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपले नांदेड. त्यावेळी जीव मुठीत धरून पळालेल्यांची आठवण कोणत्या झेंडावंदनात निघते? पुढे 1978 साली नामांतराच्या दंगलीत पाळी आमच्यावर आली. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली, मराठवाड्यातले कितीतरी बौद्ध, दलित गाव सोडून शहराकडे निघाले. निर्वासित हा शब्द मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

म्हणून सरहद्दीवरच्या माणसाचे नाव काढताच तापणाऱ्या मंडळींकडे आम्ही संशयाने पाहतो. 2019 च्या नागरिकत्व कायद्यात बौद्धांचे नाव आहे, म्हणून आमच्यातलेही काहीजण खूश आहेत. 1947 साली बाबासाहेबांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले होते, हा दाखला ते देतात. दाखला खराच आहे. पण तसेच पूर्व बंगालातून आलेले नामशूद्र 1978 साली मरीचझापीला गेले, तेव्हा पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारने त्यांची नाकेबंदी केली, गोळीबार केला. ते हिंदूच होते ना? धर्म कामी आला नाही, कारण ते गरीब आणि खालच्या जातीचे होते.

कामी काय येते, ते चकमांना विचारा. चितगावच्या डोंगराळ भागातून आलेले हे बौद्ध. अरुणाचलात त्यांना हुसकावण्याच्या धमक्या सुरू झाल्या, तेव्हा 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले ते कलम 21 च्या आधारे. त्या कलमात ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. कलम 14 मध्येही तेच. घटना समितीत हे शब्द सहज पडलेले नाहीत.

उरला कागदाचा प्रश्न. आसामच्या 2019 च्या नोंदवहीतून 19 लाखांवर माणसे बाहेर राहिली. आपल्या राज्यातही बांगलादेशींना दाखले दिल्याच्या आरोपावरून 2025 च्या सुरुवातीला उशिराच्या जन्मनोंदींची चौकशी सुरू झाली. आता सांगा, उशिराची नोंद कोणाची असते? वाड्यात जन्मलेल्याची? जिची आई ऊसाच्या फडात नाहीतर तेलंगणातल्या वीटभट्टीवर बाळंत झाली, तिचीच. भटक्या-विमुक्तांच्या पालांवर तर विचारूच नका.

हदगाव तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीआधी एक काम करावे. वस्तीतल्या किती पोरांची जन्मनोंद झालेली नाही, त्याची यादी करून तहसीलदारांपुढे ठेवावी, आणि सह्याशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.