नाकाचा हक्क

शहरांतल्या पुष्कळ घरांतून हल्ली बीगल जातीचा कुत्रा पाळण्याची हौस दिसते. लांब कान, टपोरे डोळे, उंची खांद्याशी ३३ ते ४० सेंटिमीटर. फ्लॅटमध्ये सहज मावेल असे वाटते. मग तक्रारी सुरू होतात : हाक मारली तरी येत नाही, रस्ताभर हुंगत फिरतो, एकटा ठेवला की विव्हळतो.

यात त्या मुक्या जिवाचा दोष तो काय? वासावरून सशाचा माग काढावा, कळपाने धावावे, यासाठी इंग्लंडात माणसानेच ही जात पिढ्यान्‌पिढ्या घडवली. एकदा लागलेला माग सोडायचा नाही, हा त्याचा धर्म! विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळे व मांस हुंगून काढण्याचे काम अमेरिकेने १९८४ पासून याच नाकाला दिले. तिथे तोच हट्ट गुण ठरला.

तेव्हा बीगल पाळणाऱ्याने साखळी धरून त्याला रोज मनसोक्त हुंगू द्यावे, घरात खाऊ लपवून शोधायला लावावा, लोंबते कान वरचेवर तपासावेत, खादाडपणावर लक्ष ठेवावे. एवढी सवड नसेल, तर हौस आवरावी. शोभेसाठी चिनी मातीचा कुत्रा बाजारात मिळतो. त्याला नाक असते, वास नसतो.