डब्यावरची अक्षरे

ट्रॅक्टरचे ऑइल घेताना आपण दुकानदाराला एकच विचारतो, "केवढ्याला?" डब्यावर काय लिहिले आहे ते विचारीत नाही. वाण बदलला की खताची मात्रा बदलते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. इंजिनाचेही तसेच आहे.

पूर्वी डिझेलात गंधक भरपूर. ते जळून आम्ल होई, आणि ते मारायला ऑइलमध्ये कॅल्शियमसारखी द्रव्ये भरपूर घालीत. ऑइल जळाले की त्यांची राख धुराड्यातून निघून जाई. इंजिनाचे काही बिघडत नसे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत-६ डिझेल आले. त्यात गंधक दहा लाखांत फार तर १० भाग. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले. त्यातल्या काहींच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. अडलेली काजळी तापवून जाळता येते. राख जळत नाही, ती तिथेच बसते. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २००६ च्या सीजे-४ प्रतीत राखेला १ टक्क्याची मर्यादा आली. २०१६ च्या डिसेंबरात सीके-४ आली. (१५डब्ल्यू-४० हा नुसता दाटपणा झाला, प्रत नव्हे.)

जाळीच्या इंजिनात जुन्या प्रतीचे स्वस्त ऑइल गेले तर जाळी तुंबते आणि वॉरंटीवाला हात वर करतो. उलट, पस्तीस अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरवाल्याच्या गळ्यात महागडा डबा मारला जातो. सीके-४ जुन्या इंजिनालाही चालते, इंजिनाचे काही वाईट होत नाही, खिशाचे होते. तिच्याबरोबरच आलेली एफए-४ मात्र पातळ, जुन्या इंजिनात ती घालूच नये.

धुराचे नियम नकोत असे आमचे म्हणणे नाही. ट्रॅक्टरमागे उभा राहणारा तो धूर आधी गिळतो. पण कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग असतो. अक्षरओळख नसलेल्यालाही विषाची जात कळते. ऑइलच्या डब्यावर मात्र परक्या भाषेतली दोन अक्षरे आणि एक आकडा! जाळीचे इंजिन कोणते, बिनजाळीचे कोणते, एवढे मराठीत आणि रंगात छापायला कंपन्यांना काय खर्च येतो? ही मागणी आम्ही जिल्हा बैठकीत ठेवणार आहोत. तोवर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतली प्रत कागदावर उतरवून न्या आणि तीच प्रत दुकानदाराकडून पक्क्या बिलावर लिहून घ्या.