दम लागू द्या

गेल्या महिन्यात एक काका माझ्याकडे आले. वय ६४, अँजिओप्लास्टी होऊन सात महिने झालेले. सोसायटीच्या जिममधल्या ट्रेनरने त्यांच्याकडून पाऊण तास ‘टाबाटा’ करून घेतला होता. उड्या, बर्पी, पुन्हा उड्या. घरी परतताना जिन्यातच बसले. स्ट्रेस टेस्ट केली होती का? नाही. बीटा-ब्लॉकर चालू आहे हे ट्रेनरला सांगितलं होतं? त्याने विचारलंच नाही. त्या गोळीने नाडीचा वेग दबलेला असतो. २२० मधून वय वजा करून काढलेला आकडा अशा माणसाच्या कामाचाच नाही. तरी भिंतीवर तोच तक्ता, आणि विशीतल्या पोरापासून काकांपर्यंत सगळ्यांना तोच लागू. मी याला गुन्हा समजते.

मुळात पाऊण तासाचा टाबाटा नावाची गोष्टच नाही. जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक खेळाडूंकडून जो सराव करून घेत होते, तो इझुमी ताबाता यांनी प्रयोगशाळेत तपासला आणि १९९६ साली निष्कर्ष छापले. सायकलवर २० सेकंद जीव तोडून पॅडल मारायचं, १० सेकंद थांबायचं. अशा सात-आठ फेऱ्या, की चार मिनिटांत खेळ खलास. करणारे तरुण, धडधाकट विद्यार्थी होते. सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. जो पाऊण तास टिकतो, तो या ताकदीने पॅडल मारतच नसतो. नाव ताबातांचं, माल भलताच, आणि पैसे मात्र घसघशीत.

वर विकतात काय, तर चरबी. ‘व्यायाम संपला तरी दिवसभर फॅट जळत राहतं!’ ते जादा जळणं इतकं किरकोळ असतं की एका वडापावापुढेही टिकत नाही. वजन उतरवण्यात थांबून-थांबून जोर लावण्याचा हा प्रकार आणि नेहमीचा मध्यम व्यायाम जवळपास सारखेच ठरतात. जे औषध हृदयाचं आहे, ते पोटाच्या घेराचं म्हणून खपवायचं आणि वजनाचा काटा हलला नाही की गिऱ्हाईक कंटाळून सोडून जातं. नुकसान त्याचं होतं.

हृदयाचं औषध का म्हणते, ते सांगते. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या उल्रिक विस्लॉफ यांनी २००७ साली २७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालेली माणसं, सरासरी वय ७५. त्यांना उड्या मारायला लावल्या नाहीत, ट्रेडमिलला चढ देऊन चालवलं. चार मिनिटं जोरात, म्हणजे त्या रुग्णाची प्रत्यक्ष मोजलेली जी कमाल नाडी, तिच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत. मग तीन मिनिटं सावकाश. असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली ४६ टक्के. एका लयीत मध्यम चालणाऱ्यांची १४ टक्के.

पुढे २०१७ साली युरोपातल्या नऊ केंद्रांत २६१ रुग्णांवर हेच करून पाहिलं, तेव्हा एवढा फरक दिसला नाही. हे लपवणारी मी नाही. पण त्याच अभ्यासात जोराच्या गटातले निम्मे रुग्ण ठरवलेल्या जोरापर्यंत पोचलेच नव्हते, हेही वाचा. जोर मोजावा लागतो, त्यासाठी शेजारी माणूस उभा राहावा लागतो.

आणि इथे मला माझ्याच व्यवसायाला धारेवर धरायचं आहे. डिस्चार्जच्या कागदावर आपण लिहितो काय? ‘हलका व्यायाम. दगदग टाळा.’ बस्स. किती चालायचं, केव्हा वाढवायचं, दम किती लागू द्यायचा, एक अक्षर नाही. घरचे त्या कागदाची पोथी करतात. हातातली पिशवी काढून घेतात, लिफ्टशिवाय जाऊ देत नाहीत. बाई रुग्ण असेल तर ‘घरकामात होतोच की व्यायाम’ म्हणून तिला तेवढंही मिळत नाही. छातीत दुखणं आटोक्यात नसेल तर हा जोराचा व्यायाम नकोच, स्ट्रेस टेस्टशिवाय सुरुवातही नको. पण ज्यांचं सगळं स्थिर आहे त्यांना वर्षानुवर्षं धाप लागूच न देणं म्हणजे सांभाळणं नव्हे. त्यांची उरलेली ताकद आपण डोळ्यांदेखत गळू देतो.

काकांची तपासणी केली. तीन आठवडे नुसतं सपाटीवर चालवलं, मग हळूहळू चढ वाढवला. परवा त्यांना टेकडीवर घेऊन गेले. वाक्य सुरू करावं आणि अर्ध्यात श्वास घ्यावा लागावा, इतपत जोर. तिसऱ्या फेरीला खालून काकू ओरडल्या, “अहो, दमलात, बसा आता!” काकांनी हातानेच नाही म्हटलं. घड्याळात अजून दीड मिनिट बाकी होतं.