आमची डीओ भाची

आमची भाची अमेरिकेत डीओ होते आहे, हे वाक्य टिटवाळ्यात उच्चारणं धोक्याचं आहे. पहिला माणूस विचारतो, "अरे वा, एलआयसीत लागली?" कारण आपल्याकडे डीओ म्हणजे डेव्हलपमेंट ऑफिसर. दुसऱ्याला अंगावर फवारायचा डिओ आठवतो. तिसरा सगळ्यात वाईट, कारण त्याला माहिती असते. आमच्या नात्यातले एक आप्पा लंडनला मुलाकडे तीन महिने राहून आलेत. ते म्हणाले, "ऑस्टिओपॅथ ना? म्हणजे हाडवैद्य! पाठ चोळून देतात. एमडीला मिळालं नाही वाटतं?"

हे ते एका साखरपुड्यात, न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या ताईसमोर, हातात मठ्ठ्याचा पेला धरून म्हणाले. ताईनं मान खाली घातली. मीही घातली. त्या मान घालण्याची मला अजून चीड येते, म्हणून हा खटाटोप.

वाचकहो, मी साधा बी. कॉम. वैद्यकातलं मला बिलाच्या आकड्यापलीकडे काही कळत नाही. पण नावापुढच्या अक्षरांचं कळतं. मी वीस वर्षं बँकेत कारकून होतो, हल्ली आम्हाला 'असोसिएट' म्हणतात. काउंटर तोच, रांग तीच आणि रांगेतल्या शिव्याही त्याच.

तर ऑस्टिओपॅथी काढली अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं, १८७४ साली. त्याची तीन मुलं १८६४ साली मेंदूज्वरानं गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला आणि रोगाचं मूळ तो हाडांच्या सांगाड्यात शोधू लागला. १८९२ साली मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी त्यानं कॉलेज काढलं. मणके सरळ केले की सगळं बरं होतं, हे काही खरं ठरलं नाही, हे मी आप्पांच्या आधी कबूल करतो. आमची कसारा लोकल रोज सकाळी हजारोंचे मणके इकडचे तिकडे करते. त्यानं कुणाचा मधुमेह बरा झाल्याचं ऐकिवात नाही.

पण कॉलेजं स्टिलपाशी थांबली नाहीत. आज तिथे चार वर्षं शरीररचना, औषधशास्त्र, इस्पितळातले वॉर्ड, सगळं एमडीवाल्यांसारखंच असतं. (तिथला एमडी म्हणजे आपला एमबीबीएस, हेही आप्पांना सांगायचं राहिलं.) वर सुमारे दोनशे तास हातानं तपासण्याचं आणि उपचाराचं शिक्षण. २०२० पासून दोघांचं पुढचं इस्पितळातलं प्रशिक्षणही एकाच व्यवस्थेखाली चालतं. अमेरिकेत डॉक्टरकी शिकणाऱ्यांपैकी पाव हिश्शाहून जास्त मुलं अशा कॉलेजांत आहेत. पन्नासही राज्यांत डीओ औषधं लिहितो, पोट फाडतो, शिवतो. इंग्लंडात मात्र ऑस्टिओपॅथ हा वेगळा पेशा आहे. १९९३ साली त्याचा वेगळा कायदा झाला, आणि तो डॉक्टर नव्हे. म्हणजे आप्पांची माहिती खरी, फक्त पत्ता चुकीचा.

आणि एमडीला मिळालं नाही, हेही खरं. मलाही तीन बँकांनी घेतलं नव्हतं. चौथीत मी मोजलेल्या नोटा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत.

अक्षरांची खरी किंमत पाहायची तर १९६२ सालचं कॅलिफोर्निया पाहा. तिथल्या डीओंना सांगण्यात आलं, पासष्ट डॉलर भरा, छोटासा वर्ग करा आणि एमडी व्हा. बहुतेक जण झाले. हात तेच, डोकं तेच, फक्त पाटी नवी. आमच्याकडे पासबुक बदलून द्यायलासुद्धा याहून जास्त चौकशी होते.

आपलंही फार वेगळं नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला तर त्यांना आधुनिक औषधं देण्याची मुभा महाराष्ट्रानं २०१४ साली कायद्यानं दिली. त्यांच्या मेडिकल कौन्सिलातल्या नोंदणीवरून २०२५ च्या सप्टेंबरात अ‍ॅलोपॅथीवाले संपावर गेले. वर्षभराची पढाई पुरते का, ही शंका मलाही आहे. भांडायचं तर याच्यावर भांडावं. कोण काय शिकला, किती शिकला, कुणाच्या देखरेखीखाली शिकला. पण आप्पांना हा प्रश्न कधी पडलेला नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात "एक इंजेक्शन ठोका हो" म्हणताना त्यांनी पाटीवरची अक्षरं वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. अक्षरं वाचायची ती फक्त मंगल कार्यालयात, आणि तीही दुसऱ्याच्या मुलीची.

परवा भाचीचा फोन आला. रात्रपाळी संपवून बोलत होती. "मामा, तू लोकांना काय सांगतोस रे, मी काय शिकते म्हणून?"

मी म्हणालो, "मेडिकल."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबाही तेच सांगतात."

त्यानंतर मला दुपारचा डबा गेला नाही.

मे महिन्यात तिची पदवी, डिसेंबरात लग्न. लग्न इथेच, महागणपतीच्या गावी. लग्नं जुळवणारा म्हणून त्याची ख्याती आहे, तेव्हा तो पदवी विचारणार नाही. भावोजींनी पत्रिकेचा मजकूर पाठवलाय. मुलीच्या नावाआधी 'डॉ.' आहे, नावानंतर काहीच नाही. नवरा मुलगा कॉम्प्युटरवाला, त्याच्या नावापुढे मात्र एम.एस. ठळक. छापखाना आमच्या बँकेच्या खाली आहे. प्रूफ तपासायचं काम माझ्याकडे आलंय, आणि लाल पेन मी शर्टाच्या खिशात लावूनच निघालो आहे.